प्रमाण विचलन म्हणजे ‘सरासरी अंतर’ नव्हे

प्रमाण विचलन म्हणजे प्रत्येक निरीक्षण सरासरीपासून सरासरीने किती दूर आहे याचे माप, अशी व्याख्या वर्षानुवर्षे सांगितली जाते; ती ऐकायला सोपी असली तरी चुकीची आहे, कारण ते वर्णन सरासरी विचलन या वेगळ्याच मापाचे आहे.

१, २, ३ आणि १० या संख्या घ्या. त्यांची सरासरी ४, आणि तिच्यापासूनची अंतरे, चिन्ह सोडून, ३, २, १ व ६. म्हणजे सरासरी विचलन ३. प्रमाण विचलनासाठी मात्र या अंतरांचे वर्ग करून (९, ४, १, ३६) त्यांची सरासरी, म्हणजेच प्रचरण १२.५, काढावे लागते, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३.५४ येते. वर्ग केल्यामुळे एकट्या १० ने वर्गांच्या ५० या बेरजेपैकी ३६ चा वाटा उचलला. म्हणूनच प्रमाण विचलन सरासरी विचलनापेक्षा कधीही कमी नसते, आणि सर्व अंतरे सारखी असतील तेव्हाच दोन्ही समान येतात.

याच संख्या मोठ्या समष्टीतील, म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा त्या संपूर्ण गटातील, नमुना असत्या, तर ५० ला ४ ऐवजी ३ ने भागले असते, कारण नमुन्याच्या स्वतःच्याच सरासरीपासून मोजलेले विचलन वास्तवापेक्षा कमी भरण्याकडे झुकते. या दुरुस्तीने प्रचरणाचा अंदाज निःपक्षपाती होतो, म्हणजे सरासरीने तो ना जास्त भरतो, ना कमी. प्रमाण विचलनाचा मात्र, अनेकांचा समज काहीही असो, पूर्णपणे होत नाही.