नाटकाचा मुक्काम: सांगलीतलं बिऱ्हाड आणि ब्रॉडवेचं हॉटेल

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या वस्तीतली देखणी, नटव्या लॉबीची हॉटेलं पाहिली की सांगलीकराला एक प्रश्न पडतोच: मराठी रंगभूमीचा जन्म आपल्या गावात झाला, मग असं ठिकाण इथे का उभं राहिलं नाही?

उत्तर १८५१ सालात आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ सादर केलं. खर्च संस्थानाचा, प्रेक्षक दरबारचे. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, राजाश्रय आटला आणि नाटकाला पोटासाठी गाव सोडावं लागलं. १८५३ मध्ये भाव्यांचे खेळ मुंबईत झाले. तिथून पुढे मराठी नाटक फिरतंच राहिलं.

फिरत्या कंपनीला हॉटेल परवडणारही नव्हतं आणि पुरणारही नव्हतं. गावात एखादा वाडा भाड्याने घ्यायचा आणि बिऱ्हाड टाकायचं. बांबूला गुंडाळलेले पडदे, कपड्यांच्या पेट्या, पेटी-तबला, आचाऱ्याची भांडीकुंडी, सगळं बरोबर. नट, साथीदार, पडदे ओढणारे गडी एकाच छपराखाली. सकाळी ओसरीवर तालीम, दुपारी पंगत, रात्री खेळ. १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले ते मिरजेत, कंपनीच्या अशाच एका मुक्कामात.

न्यूयॉर्कात उलटं घडलं. १९०४ मध्ये भुयारी रेल्वे टाइम्स स्क्वेअरला पोचली, थिएटरं तिथे स्थिरावली आणि मुक्कामही स्थिरावला. ४४व्या रस्त्यावर १९०२ पासून असलेल्या अल्गॉन्क्विन हॉटेलात १९१९ पासून डोरोथी पार्कर, अलेक्झांडर वुलकॉट यांच्यासारख्या लेखक-समीक्षकांची दुपारची बैठक बसू लागली. समोरच्या, १८९८च्या रॉयल्टनचं रूप फिलिप स्टार्क या डिझायनरने १९८८ मध्ये पालटलं. मोजक्या खोल्यांच्या, स्वतःचा चेहरा असलेल्या अशा हॉटेलांना बुटीक हॉटेल म्हणतात. त्यांत लॉबी म्हणजे रंगमंचच: लोक झोपायला कमी, बघायला आणि दिसायला जास्त येतात.

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात खेळ संपला की आज बहुतेक वेळा सेट गाडीत चढतो आणि मंडळी पुढच्या गावाला लागतात. मला खंत वाटते ती याची. कंपन्या गेल्या तशी नाटकानंतरची गप्पांची जागाही गेली. नाट्यमंदिराच्या परिसरातला एखादा जुना वाडा दुरुस्त करून दहा-बारा खोल्या आणि रात्री उशिरापर्यंत उघडी ओसरी एवढं जरी झालं, तरी नटाला एक रात्र थांबायला कारण मिळेल.