आधी नावं, वर्षं नंतर

जुरासिक म्हटलं की डोळ्यांपुढे डायनासोर उभे राहतात. नाव मात्र पडलं ते फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या जुरा डोंगरांतल्या चुनखडीवरून. डेव्होनियन आलं इंग्लंडमधल्या डेव्हनवरून, पर्मियन रशियातल्या पर्मवरून. पृथ्वीच्या इतिहासातल्या काळांची अशी बहुतेक नावं १९व्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. हे काळ किती वर्षांपूर्वीचे, हे तेव्हा कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. क्रम तेवढा ठाऊक होता.

तो क्रम लावायची किल्ली डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने १६६९ मध्येच देऊन ठेवली होती: थर उलटेपालटे झाले नसतील, तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. एका कड्यापुरतं हे ठीक. पण दूरच्या दुसऱ्या कड्यातला नेमका कोणता थर याच्या वयाचा? ते उलगडलं कालव्यांसाठी जमीन मोजत हिंडणाऱ्या विल्यम स्मिथला. थराथरांतले जीवाश्म वेगळे असतात, त्यांवरून थर ओळखता येतो. याच आधारावर त्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा छापला.

मग सुरू झाली बांधावरची भांडणं. वेल्समध्ये भूवैज्ञानिक अॅडम सेजविक खालून वर, तर त्याचा मित्र रॉडरिक मर्चिसन वरून खाली थर तपासत होते. १८३५ मध्ये दोघांनी मिळून कँब्रियन आणि सिल्युरियन हे काळ मांडले. पुढे मधल्या थरांवर दोघांनीही हक्क सांगितला आणि जुनी मैत्री तुटली. दोघंही गेल्यावर, १८७९ मध्ये, चार्ल्स लॅपवर्थने तो वादाचा पट्टाच वेगळा काढून त्याला ऑर्डोव्हिशियन म्हटलं. एका अख्ख्या कालखंडाचा जन्म असा तडजोडीतून झाला!

वर्षांचे आकडे आले ते किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. खडकात दोन्ही किती आहेत हे मोजून वय काढता येतं. १९११ मध्ये, विशीतल्या आर्थर होम्सने डेव्होनियन काळातल्या एका खडकाचं वय ३७ कोटी वर्षं काढलं. आज डेव्होनियन सुमारे ४१.९ ते ३५.९ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात, म्हणजे आकडा नेमका आत बसतो.

आता या काळांमधल्या बहुतेक सीमा जगातल्या एकेका ठरावीक कड्यात, एका विशिष्ट थरावर निश्चित करतात. त्या खुणेला ‘सोन्याचा खिळा’ म्हणतात. पहिला मान १९७२ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या क्लोंकला मिळाला. कँब्रियनच्या आधीच्या जवळजवळ चारशे कोटी वर्षांत मात्र असे खिळे ठोकायला उपयोगी पडतील असे जीवाश्म फारसे नाहीत. तिथे गणित उलटं झालं: आर्कियन या अतिप्राचीन कालखंडाचा शेवट सरळ २५० कोटी वर्षांपूर्वी असं ठरवून टाकलं, कुठल्याच कड्याकडे बोट न दाखवता.