पट्ट्यावरचं भुंकणं: भीतीचं की ओढीचं?

दत्तक आणलेलं तीन-चार वर्षांचं कुत्रं घरात अगदी शहाणं असतं. दूधवाल्यावर भुंकत नाही, पोरांच्या हातातलं हिसकावत नाही. पण पट्टा लावून बाहेर काढलं आणि कोपऱ्यावर दुसरं कुत्रं दिसलं, की तेच मागच्या पायांवर उभं राहून घसा फोडून भुंकतं. गल्लीतली माणसं लगेच निकाल देऊन मोकळी होतात: मारकं आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. एक तर ते समोरच्या कुत्र्याला घाबरलेलं असतं, नाहीतर त्याच्यापर्यंत जायला मिळत नाही म्हणून तडफडत असतं. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. घाबरलेल्याला "जरा दोस्ती होऊ दे" म्हणत पुढं नेलं की भीती पक्की होते. ओढाळ कुत्र्याला महिनोन्‌महिने सगळ्या कुत्र्यांपासून लांब ठेवलं की त्याची तडफड वाढते.

भुंकणं सुरू झाल्यावर फरक शोधण्यात अर्थ नाही. बघायचे ते त्याआधीचे दोन-तीन सेकंद. घाबरलेल्या कुत्र्याचं वजन मागच्या पायांवर जातं, कान मागं चिकटतात, शेपटी खाली किंवा पोटाखाली जाते. ते ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, मान वळवतं पण डोळे समोरच्यावरच ठेवतं, त्यामुळं डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसतो. काही कुत्री जागीच थिजतात, आणि थिजणं म्हणजे शांत होणं असं समजून मालक पुढं चालत राहतो. ओढाळ कुत्र्याचं वजन पुढं असतं, कान पुढं, अंग वळवळतं, भुंकण्याआधी कुईकुई ऐकू येते. एकट्या शेपटीवर विसंबू नका. ताठ उभी धरून भराभर हलणारी शेपटी म्हणजे ताण. ढुंगणासकट सगळं अंग हलत असेल तर ती खुशी.

याहून भरवशाची कसोटी म्हणजे अंतर. वळून पंधरा-वीस पावलं मागं या. घाबरलेलं कुत्रं आपणहून तुमच्यासोबत निघतं, अंग झाडतं, श्वास सोडतं आणि थोड्या वेळात हातातला तुकडा खातं. ओढाळ कुत्रं मागं वळून वळून बघतं, पट्टा उलट्या दिशेला ताणतं, लांब नेल्यावर जास्तच ओरडतं.

मधला एक प्रकार सगळ्यात फसवा असतो. कुत्रं स्वतःहून पुढं जातं, नाकाला नाक लावतं, क्षणभर दगडासारखं उभं राहतं आणि एकदम फटकारतं. "स्वतःच तर गेलं होतं" असं लोक म्हणतात. त्याला वास घ्यायचा होता, पण जवळ गेल्यावर पट्ट्यामुळं माघार घेता आली नाही. अशा कुत्र्याला भीतीच्या बाजूला धरा.

कुत्रं आलं कुठून, यावरूनही अंदाज येतो. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असतानाच्या काळात दुसऱ्या कुत्र्यांशी ओळख झाली नसेल, तर मोठेपणी भीतीची शक्यता जास्त. शेतातल्या आखाड्यावर एकटंच साखळीला बांधून वाढलेलं, राखणीचं कुत्रं बऱ्याचदा असं निघतं. उलट, नांदेड-परभणीच्या गल्लीत मोकळं वाढलेलं कुत्रं इतर कुत्र्यांची भाषा चांगली जाणतं. ते वळसा घेऊन जवळ जातं, मागून वास घेतं, नको वाटलं तर निघून जातं. पट्टा लागला की यातलं काहीच करता येत नाही. सरळ समोरासमोर जावं लागतं, जे कुत्र्यांच्या रीतीत उद्धटपणाचं. करवानी किंवा पश्मीसारखी शिकारी अंगाची कुत्री पळणारं काही दिसलं की झेपावतात, तो पाठलाग. त्याचा या दोन्हींशी संबंध नाही.

कुठलंही शिकवणं सुरू करण्याआधी डॉक्टर. गोचीड तापातून उठणारं, कान चिघळलेलं किंवा कंबर दुखणारं कुत्रं दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, आणि ते शिकवून जात नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अवघड तपासण्यांसाठी तिथं जाता येतं. आधीच्या लसींचा कागद नसेल तर रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथरोगांवरची लस नव्यानं द्यावी लागते. त्या पूर्ण होऊन दोनेक आठवडे होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांची भेट नको. नवीन घरातले पहिले दोन-तीन आठवडे तसेही ओळखी करून द्यायचे नसतात. नसबंदीनं नराचं भटकणं कमी होतं, भीती जात नाही.

आता भीतीवरचं काम. आधी ते अंतर शोधा, जिथं कुत्र्याला दुसरं कुत्रं दिसतं, कान टवकारतात, पण ते खाऊ शकतं आणि हाक मारल्यावर तुमच्याकडं बघतं. हे अंतर कुणाचं १५ मीटर, कुणाचं ५० मीटर असतं. गल्लीत एवढी जागा मिळत नाही, म्हणून मोकळं मैदान किंवा पीक निघालेलं रान बरं. खाऊ घरी मिळत नाही असा हवा: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, अंडं किंवा पनीर, वाटाण्याएवढे ३०-४० तुकडे. रश्शातली फोड धुऊन घेऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. भाकरीचा तुकडा बहुतेकांना बाहेर पुरत नाही.

क्रम असा: दुसरं कुत्रं दिसलं की लगेच खाऊ, एकामागून एक, ते दिसेनासं झालं की खाऊ बंद. आधी कुत्रं, मग खाऊ. हा क्रम उलटला की पिशवीचा आवाज म्हणजे संकटाची चाहूल, असं कुत्रं शिकून बसतं आणि पिशवी काढताच ताठरतं. एवढ्या बारीक गोष्टीत महिन्याची मेहनत वाया गेलेली दिसते. गप्प बसण्याचं बक्षीस म्हणूनही हा खाऊ नाही. थोडं गुरगुरलं तरी द्या आणि मागं सरका. गुरगुरलं म्हणजे तुम्हीच फार जवळ आला होतात. एका वेळी ५ ते १० मिनिटं, एक-दोन कुत्री दिसली की घरी. दुसरं कुत्रं दिसताच ते आपणहून वळून तुमच्या हाताकडं बघू लागलं, की अंतर एक-दोन मीटरनं कमी करा, त्याआधी नाही. एखाद्या दिवशी जोरात भुंकाभुंक झाली तर पुढचे दोन-तीन दिवस त्याला कुत्र्यांपासून लांब, शांत ठेवा. अंगातला ताण तासाभरात उतरत नाही. दोन कुत्री रस्त्याच्या दोन कडांनी शांतपणे जाऊ लागली तरी काम झालं असं समजावं. मैत्री झालीच पाहिजे हा हट्ट माणसांचा.

ओढाळ कुत्र्याला खाऊपेक्षा भेट मोठी वाटते, म्हणून बक्षीसही भेटच. पट्टा सैल असेल तर दोन पावलं पुढं, ताणला की थांबायचं, तरीही ताणला तर चार पावलं मागं. पण ही भेट रस्त्यावरच्या दिसेल त्या कुत्र्याची नको, नाहीतर प्रत्येक कुत्र्याला भेटायचंच असतं असं ते शिकेल. ओळखीच्या घरचं एखादं शांत, प्रौढ कुत्रं निवडा. दोघांचीही गल्ली नसलेल्या जागी दोन माणसांनी दोन कुत्री घेऊन एकाच दिशेनं, मध्ये १० मीटर ठेवून चालायचं. माणसं आतल्या बाजूला, कुत्री बाहेरच्या. पंधरा-वीस मिनिटांत अंतर हळूहळू कमी करायचं, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी. मग वळसा घेऊन मागून वास घेऊ द्यायचा, पट्टा पूर्ण सैल. तीन सेकंदांनी हाक मारून बाजूला घ्यायचं, पुन्हा सोडायचं. नेमका याच क्षणी घाबरून पट्टा आवळणारे बरेच असतात, आणि आवळलेल्या पट्ट्यामुळंच भांडण लागतं. कुंपणाच्या आत खेळायला सोडताना पट्टा जमिनीवर घसटत राहू द्या. दोघं आळीपाळीनं एकमेकांमागं धावत असतील, मध्येच थांबत असतील, तर चांगलं चाललंय. एकच सारखं मागं लागत असेल आणि दुसरं आडोसा शोधत असेल तर थांबवा.

साधनं दोघांना सारखीच: छातीचा पट्टा आणि साधारण दोन मीटरची साधी दोरी. लांब-आखूड होणारी चक्रीची दोरी नको. गळा आवळणारी साखळी भित्र्याला शिकवते की कुत्रं दिसलं की मान दुखते. ओढाळ कुत्र्याच्या ओढीचा तिनं रागच होतो. गुरगुरल्याबद्दल मारलेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, मग न सांगता चावतं. मुसक्याची गरज वाटली तर जाळीचा, तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल असा घ्या आणि आठवडाभर घरात त्यातून खाऊ देऊन सवय लावा. तोंड बांधणारा कापडी पट्टा आपल्याकडच्या उन्हात जिवावर बेततो, कारण कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं.

मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत आपल्याकडं एक पेच आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, म्हणून फिरायला पहाट किंवा रात्र उरते, आणि गल्लीतल्या टोळ्या हद्द राखण्यात सर्वात दंग असतात त्या याच वेळा. पाच सेकंद हाताची मागची बाजू डांबरावर ठेवता आली नाही तर कुत्र्याला त्यावर चालवू नका. भित्र्या कुत्र्याला उन्हाळ्यात रोज फिरवण्याचा आग्रह सोडून अंगणात चारा-पेंढीत खाऊ लपवून हुंगायला लावणं, आणि आठवड्यात दोन-तीनदा गाडीनं लांब मोकळ्या रानात नेणं जास्त उपयोगाचं. पावसाळा सरताना माद्या माजावर येतात, हिवाळ्यात पिल्लं होतात. पिल्लांची आई जिथं बसते तो रस्ता काही आठवडे बदला. कानाला खाच दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते, पण त्याची लस अजून लागू आहे की नाही हे खाचेवरून कळत नाही.

टोळी अंगावर आलीच तर धावू नका. आपलं कुत्रं पाठीमागं घ्या, मूठभर खाऊ येणाऱ्यांच्या तोंडासमोर फेका आणि तिरकं निघा. "चल" म्हटल्यावर वळून मागं यायचं, हे त्यासाठी आधी घरात, मग अंगणात पक्कं करून ठेवा. दगड उचलायला वाकण्याची आपली जुनी युक्ती मोकाट कुत्र्यांना पळवते खरी, पण तुमचं दत्तक कुत्रंही कधीकाळी दगड खाल्लेलं असेल, तर ते तुम्हालाच बिचकेल. भांडण जुंपलं तर मध्ये हात घालू नका, पाणी ओता. माणसाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

लातूर-धाराशिवकडं वेळ अमावास्येला सगळं घर रानात जातं, आणि नवीन कुत्र्यालाही हौसेनं नेलं जातं. बांधाबांधावर अनोळखी कुत्री, उघड्यावर जेवण, पोरांचा गलका. ओढाळ कुत्र्याला लांब दोरीवर, पंगतीपासून दूर, ओळखीच्या एका कुत्र्यासोबत नेता येईल. भित्र्याला पहिल्या वर्षी घरीच ठेवा, एक माणूस सोबत ठेवून.