ग्रीकांनी ही नावं कुणाकडून ऐकली?

इ. स. पूर्व ४०१ मध्ये झेनोफन हा ग्रीक लेखक भाडोत्री सैनिकांच्या फौजेसोबत टायग्रिसच्या काठाने मायदेशी निघाला होता. आजच्या मोसुलच्या परिसरात त्याला प्रचंड तटबंदीची दोन जुनी शहरं लागली. एकाचं नाव त्याने लारिसा लिहिलं, दुसऱ्याचं मेस्पिला, आणि ती पूर्वी मीडियन या प्राचीन इराणी लोकांची होती असं नोंदवलं. प्रत्यक्षात ती होती कल्हू आणि निनेवे, असिरियन साम्राज्याच्या राजधान्या! निनेवे पडून तेव्हा दोनशेच्या वर थोडीच वर्षं झाली होती, तरी त्या वर्णनात असिरियन लोकांचं नावसुद्धा नाही. मला हे वाचताना दरवेळी चटका बसतो.

म्हणून ग्रीक ग्रंथांतलं नाव वाचताना मी आधी विचारतो, हे कुणाच्या तोंडून आलं?

टायग्रिसचंच घ्या. अक्कादी या असिरिया-बॅबिलोनियाच्या जुन्या भाषेत ही नदी इदिक्लत. ग्रीकांपर्यंत पोहोचलं ते तिचं पर्शियन रूप, तिग्रा. मीडियन लोक बाणाला असंच म्हणतात, नदीच्या वेगावरून हे नाव पडलं, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. बाणासाठीचा तो जुना इराणी शब्द पुढे फारसीत झिजून 'तीर' झाला, आणि आपल्या तिरंदाजापर्यंत आला.

'सीरिया'चं कोडं मात्र फार काळ रेंगाळलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो, ग्रीक ज्यांना सीरियन म्हणतात त्यांना इतर लोक असिरियन म्हणतात. मग सुरुवातीचा 'अ' गेला कुठे? १९९७ मध्ये तुर्कस्तानात अदानाजवळ चिनेकोय इथे इ. स. पूर्व आठव्या शतकातला द्वैभाषिक लेख सापडला. त्याच्या फिनिशियन मजकुरात जिथे 'अश्शूर' (म्हणजे असिरिया) आहे, तिथे लुवियन या तिथल्या जुन्या भाषेतल्या मजकुरात 'सुरा' आहे. म्हणजे 'अ' गळाला तो अनातोलियात, आजच्या तुर्कस्तानातच, आणि ग्रीकांनी बहुधा तिथूनच हे नाव उचललं. 'अरण्या'चं 'रान' करणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायला नको.

'खाल्डियन' हे नाव मुळात बॅबिलोनियाच्या दक्षिणेकडच्या काल्दू टोळ्यांचं. बॅबिलोनची कीर्ती ग्रहताऱ्यांच्या अभ्यासासाठी, त्यामुळे ग्रीक लेखकांत ते तिथल्या विद्वानांनाही चिकटलं. इ. स. पूर्व १३९ मध्ये रोममधून खाल्डियनांना हाकलण्याचा हुकूम निघाला, तोवर त्या शब्दाचा अर्थ झाला होता ज्योतिषी.