चाकरमानी

चाकरमानी म्हणजे नोकरी मुंबईत पण घर, शेत, देव सगळं कोकणातल्या गावाला असलेला माणूस. गाव सोडायची वेळ का आली तर भातशेतीचे तुकडे लहान, पीक पावसाळ्यातलं एकच, त्यात खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताचा जमिनीवर हक्क, कुळाने राबायचं आणि धान्य खोताकडे द्यायचं. खोती रद्द करणारा कायदा 1949 साली झाला पण तोवर लालबाग-परळला रत्नागिरीकडची माणसं कधीच भरली होती, ताडदेवची पहिली कापडगिरणी 1856 ला चालू झाली तिथपासूनची ही वाट आहे.

गावकीच्या खोलीत, म्हणजे एका गावच्या लोकांनी मुंबईत मिळून घेतलेल्या खोलीत, एकेक ट्रंक घेऊन पंधरा-वीस जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवण खानावळीत, आणि पगार झाला की गावाला मनीऑर्डर. त्या पैशावर घराची कौलं शाकारली जायची, वाण्याची उधारी फिटायची, बहिणीचं लग्न व्हायचं. पण शेत सुधारायला त्यातून फारसं काही उरत नसे, म्हणजे गरिबी गेली असं नाही, घर तेवढं तरलं.

नांगरणी सोडली तर लावणी, कापणी, गुरं, म्हातारी माणसं हे सगळं मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर. मनीऑर्डरीबद्दल सगळे बोलतात, तिच्या कामाचा हिशोब कुणी धरत नाही आणि मला तरी हे फार चुकीचं वाटतं, कारण ती गावात राबली म्हणूनच गिरणीचा तुटपुंजा पगार पुरला. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1122 बायका होत्या, राज्यात सगळ्यात जास्त.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि मनीऑर्डरी थांबल्या. बरेच जण गावाला परतले, मग उलट गावच्या तांदळाने मुंबईतली बिऱ्हाडं जगवली. संपाने मुंबईचं काय झालं ते खूप लिहिलं गेलंय, गावांचं काय झालं ते कमीच. 2020 च्या लॉकडाऊनमध्येही माणसं गावालाच धावली.

आता चाकरमानी विरार, नालासोपारा, दिवा इकडे सरकलाय. गणपती-शिमग्याला घरं उघडतात, एरवी कुलूप. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, आणि बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्यावर मुंबईतल्या दहा-वीस भाऊबंदांची नावं असल्याने गावात राहणाऱ्या एकट्याला ती जमीन ना विकता येते ना तिच्यावर कर्ज काढता येतं.