जप्त मालाचा हिशेब: खबर कोर्टाला, आकडा वर्तमानपत्राला

मराठी बातमीत ‘जप्त’ हा एकच शब्द चार कामं करतो. पोलिसांनी चोरट्याकडून दुचाकी ताब्यात घेतली, ती जप्त. बँकेतलं खातं गोठवलं, तेही जप्त. फ्लॅटवर टाच आणली, तोही जप्त. खटला संपून सगळं कायमचं सरकारजमा झालं, तरी मथळा ‘मालमत्ता जप्त’च. कायद्याच्या दृष्टीने या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर अधिकारी वेगळा, मुदत वेगळी आणि खबर कोणाला द्यायची तेही वेगळं. जप्त मालाचा जाहीर हिशेब असावा का, हा वाद निघाला की निम्मा वेळ दोन्ही बाजू वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकण्यात घालवतात. म्हणून आधी शब्दाची ही गाठ सोडवलेली बरी.

ताब्यात घेणं म्हणजे वस्तू उचलून नेणं. पंचनामा होतो, यादी होते, पंचांच्या सह्या होतात, पाकिटाला लाखेचं सील लागतं, गुन्हा रजिस्टर नंबराची चिठ्ठी चिकटते आणि माल मुद्देमाल खोलीत जातो. मालकी बदललेली नसते. टाच आणली की वस्तू जागेवरच राहते. मालक ती विकू शकत नाही, गहाण टाकू शकत नाही, पण घर असेल तर बहुधा त्यात राहू शकतो. सरकारजमा होणं ही शेवटची पायरी, तिथे मालकी जाते. पहिल्या पायरीवर जे आलं त्यातलं किती शेवटच्या पायरीपर्यंत पोचलं आणि किती मूळ मालकाकडे परत गेलं, हाच खरा हिशेब. तो एका ठिकाणी मांडलेला सहसा मिळत नाही.

हा शब्दच्छल वाटत असेल तर २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. प्रकरण महाराष्ट्रातलं होतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२खाली पोलीस जमीन, घर, दुकान ‘जप्त’ करू शकतात का, हा प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१०मध्ये बहुमताने ‘नाही’ म्हटलं होतं, आणि ते कायम राहिलं. कारण सरळ होतं: या कलमातली जप्ती म्हणजे वस्तू प्रत्यक्ष हातात घेणं, आणि ती पुढे कोर्टासमोर हजर करायची असते. फ्लॅट कोर्टात नेता येत नाही. राहणाऱ्याला बाहेर काढून कुलूप लावणं हे या कलमाने पोलिसांना दिलेलं काम नाही. मालकीहक्काची कागदपत्रं मात्र ते ताब्यात घेऊ शकतात.

गंमत अशी, की त्याआधी २० वर्षं, १९९९मध्ये, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात बँक खातं हीसुद्धा ‘मालमत्ता’ आहे आणि ती याच कलमाखाली रोखता येते, असं ठरलं होतं. खातंही उचलून नेता येत नाही, पण ते चाललं. बँकेला एक पत्र गेलं की काम होतं. आज सायबर गुन्ह्यांत रोज गोठणारी खाती त्याच वाटेने जातात. अनेक खातेदारांना आपलं खातं गोठल्याचं कळतं ते कार्ड चाललं नाही तेव्हा.

आता खबर द्यायच्या सक्तीकडे येऊ. ती नवी नाही. १८९८च्या संहितेत कलम ५२३ होतं: पोलिसांनी चोरीचा किंवा संशयास्पद माल घेतला तर ते ‘तातडीने’ मॅजिस्ट्रेटला कळवावं. १९७३मध्ये संहिता नव्याने लिहिली तेव्हा हे वाक्य गळलं. नव्या कलम ४५७ची सुरुवात ‘जप्ती मॅजिस्ट्रेटला कळवली गेली असता’ अशी होती, पण कळवलंच पाहिजे असं सांगणारी ओळ जप्तीच्या कलमात नव्हती. पाच वर्षांनी, १९७८च्या दुरुस्तीने कलम १०२ला तिसरं पोटकलम जोडून ती परत आणली. नजरचूक होती की हेतू होता यावर वाद घालता येईल; परिणाम इतकाच, की मधल्या काळात जप्ती करणाऱ्यावर कळवण्याचं थेट बंधन त्या कलमात राहिलं नाही.

बंधन परत आलं, पण ते मोडलं तर काय? हे ठरायला पुढची ४६ वर्षं गेली. काही उच्च न्यायालयं म्हणत, कळवायला उशीर झाला तर जप्तीच रद्द. काही म्हणत, उशीर ही केवळ अनियमितता. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू घेतली. ‘तातडीने’ म्हणजे शक्य तितक्या लवकर, वाजवी वेळेत. उशीर झाला म्हणून जप्ती बाद होत नाही. उशिराचं कारण पटलं नाही तर मॅजिस्ट्रेट संबंधित अधिकाऱ्याविरुद्ध खात्यांतर्गत कारवाईचा मार्ग धरू शकतो. व्यवहारात याचा अर्थ असा, की खबर न देण्याची किंमत मोजावी लागलीच तर ती अधिकारी मोजेल, पण माल सुटणार नाही. ज्याचं खातं महिनोन्‌महिने गोठलेलं आहे त्याला अधिकाऱ्याच्या विभागीय चौकशीत काय रस असणार? पण न्यायालयाची अडचणही खरी आहे. एका दिवसाच्या विलंबापायी फसवणुकीचे कोट्यवधी रुपये सुटले असते, तर तक्रारदाराने कोणाकडे बघायचं?

या सगळ्यात एक गोष्ट नजरेआड होते. १८९८ असो, १९७८ असो की २०२४, खबर जाते ती मॅजिस्ट्रेटला. झडती झालेल्या घरातल्या माणसाला यादीची प्रत मिळते, एवढंच. लोकांना कळवायचं ते फक्त मालक माहीत नसेल तेव्हा: उद्घोषणा काढायची, सहा महिने वाट पाहायची, कोणी आलं नाही तर माल राज्य सरकारकडे. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या दुचाकींच्या ‘बेवारस वाहनांचा लिलाव’ या जाहिराती अशा वाटांनीच येतात. एरवी सर्वसामान्य वाचक या व्यवस्थेच्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

मॅजिस्ट्रेटला खबर गेली की माल सुरक्षित, हे गृहीतकही फार टिकलं नाही. १९७७मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातून आलेल्या प्रकरणात चोरीचे दागिने पोलिसांच्या ताब्यातूनच नाहीसे झाले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांची किंमत राज्याने भरून द्यावी असं सांगितलं. २००२चं गुजरातचं प्रकरण याहून बोलकं. तिथे आरोप एका ठाण्याच्या पोलिसांवरच होते: मुद्देमालातल्या अस्सल वस्तू काढून नकली ठेवल्या, ठाण्यात ठेवलेली रक्कम हडपली, खटला चालू असताना माल परस्पर लिलावात काढला, ठाण्याच्या नोंदींत फेरफार केले. त्यावर न्यायालयाने जे म्हटलं त्यावर पुढची दोन दशकं देशभर अर्ज होत राहिले. दागिन्यांचा सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि माल हक्कदाराला देऊन टाका. ठाण्यात काहीही १५ दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त राहू नये. वाहनं वर्षानुवर्षं उभी ठेवण्यात काही अर्थ नाही.

महाराष्ट्रात याचं एक दृश्य रूप जानेवारीत दिसतं. पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात जागोजागी ‘मुद्देमाल परत’ करण्याचे कार्यक्रम होतात. टेबलावर मंगळसूत्रं, मोबाईल, बाहेर दुचाकी, मूळ फिर्यादी हात पुढे करून उभे, शेजारी वरिष्ठ अधिकारी, फोटो. परत मिळालेल्याचा आकडा त्या दिवशी मोठ्या अक्षरात लागतो. खोलीत अजून किती आहे, किती वर्षांचं आहे, हा फलक कुठे नसतो. देशपातळीवर १९५३पासून निघणाऱ्या गुन्हे आकडेवारीच्या वार्षिक अहवालात ‘चोरीस गेलेली’ आणि ‘हस्तगत’ मालमत्ता यांचे तक्ते असतात. पण हस्तगत म्हणजे पोलिसांना मिळालेली. मालकाच्या हाती पडलेली निराळी.

आर्थिक कायद्यांची वाट पहिल्यापासून वेगळी होती. १९४४चा एक वटहुकूम (युद्धकाळातला, म्हणून सहा महिन्यांत न संपणारा आणि अजूनही लागू असलेला) जिल्हा न्यायाधीशाकरवी टाच आणण्याची सोय करतो. १९६२चा सीमाशुल्क कायदा माल धरल्यावर सहा महिन्यांत नोटीस काढायला लावतो, नाहीतर माल परत. १९७६मध्ये, आणीबाणीत, तस्करांच्या मालमत्ता सरकारजमा करण्याचा कायदा आला आणि त्याने पुराव्याचा भार उलटवला: मालमत्ता वैध कमाईची आहे हे मालकाने दाखवायचं. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९९४मध्ये तो कायदा टिकवला. या कायद्याखालचे लिलाव मात्र जाहीर होतात, आणि तेव्हा हिशेब कसा दिसू शकतो याची एक झलक मिळते. जानेवारी २०२४मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुंबके गावचा एक तुकडा, जेमतेम १७१ चौरस मीटर, एका फरार टोळीप्रमुखाच्या कुटुंबाचा, लिलावात निघाला. राखीव किंमत १५,४४० रुपये. बोली गेली २ कोटी १ लाखावर. राखीव किंमत आणि अंतिम बोली, दोन्ही लोकांसमोर होत्या म्हणून त्यावर चर्चा तरी झाली.

पीएमएलए, म्हणजे गुन्ह्यातला काळा पैसा पांढरा करण्याला आळा घालणारा कायदा, १ जुलै २००५पासून लागू झाला आणि आकड्यांचं मानच बदललं. तात्पुरती टाच १८० दिवस, त्यानंतर न्यायनिर्णय प्राधिकरणाची मंजुरी, आणि सरकारजमा व्हायचं ते सर्वसाधारणपणे खटल्यात दोष सिद्ध झाल्यावर. तात्पुरती टाच मंजूर झाली म्हणून लगेच ताबाही घ्यायचा, हे अपवादानेच व्हावं, असं २०२२मध्ये न्यायालयाने सांगितलं. बातमीत मात्र पहिल्या दिवसाचा आकडा ‘जप्त’ म्हणून जातो आणि तोच लोकांच्या लक्षात राहतो. २०२४-२५ या वर्षात ४६१ आदेशांनी ३०,०३६ कोटींच्या मालमत्तांवर तात्पुरती टाच आली, आणि त्याच वर्षी १५,२६१ कोटी पीडितांना व बँकांना परत केले, असं हा कायदा राबवणाऱ्या यंत्रणेने, म्हणजे सक्तवसुली संचालनालयाने (ईडी), स्वतःच मे २०२५मध्ये वार्षिक अहवाल काढून सांगितलं. हे आकडे बाहेर आले हे चांगलंच झालं. पण एकातून दुसरा वजा करण्यात अर्थ नाही: परत गेलेली रक्कम आधीच्या वर्षांतल्या टाचेची असते. शिवाय अहवालात काय असावं हे यंत्रणाच ठरवते. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तिचं नाव असल्याने भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे प्रश्न सोडले तर नागरिकाच्या अर्जाला ती बांधील नाही. साध्या पोलीस ठाण्याला ही ढाल नाही. तिथे ‘तपासात अडथळा येईल’ हे कलम पुढे येतं.

निवडणुकीतल्या जप्तीचीही गोष्ट तशीच. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत एकूण ३,४७५ कोटी. २०२४मध्ये पहिल्या टप्प्याचं मतदान व्हायच्या आतच ४,६५८ कोटी. ऐकायला ‘नोटांचा पूर’. प्रत्यक्षात त्यात रोख होती ३९५ कोटी आणि अमली पदार्थ २,०६८ कोटींचे, ज्यांची किंमत लावणाऱ्यावर अवलंबून. उरलेल्यात ५६२ कोटींचे मौल्यवान धातू. धरलेली रोकड तपासून सोडण्यासाठी जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते, आणि गुन्हा दाखल नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपलीकडे प्रकरण अडकवून ठेवायचं नाही असा नियम आहे. म्हणजे परत गेलेल्याची नोंद जिल्ह्याजिल्ह्यांत आहेच. जप्तीचा आकडा प्रचारभर फुगत जातो. सुटलेल्याचा त्याच्या शेजारी छापला जात नाही.

अमेरिकेत जप्तीचा हिशेब जाहीर करण्याचे कायदे झाले, त्यामागचं कारण आपल्याकडे नव्हतं. तिथे १९८४पासून केंद्रीय पातळीवर जप्तीचा पैसा एका निधीत जातो आणि त्यातून पोलीस यंत्रणांना वाटा मिळतो. ज्याला वाटा मिळतो त्याने हिशेब दाखवावा, असं म्हणणं सोपं जातं. आपल्याकडे माल सरकारचा होतो, ठाण्याचा नाही, म्हणून तो प्रश्न तितक्या जोराने आला नाही. सीमाशुल्कासारख्या खात्यांत खबऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षीस मिळू शकतं, हे मात्र या चर्चेत फारसं कोणी काढत नाही.

१ जुलै २०२४पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचं झालं. माल कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत कोर्टाने त्याची वर्णनासह यादी करायची, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि पुढच्या ३० दिवसांत माल परत द्यायचा, विकायचा, नष्ट करायचा की सरकारजमा करायचा याचा आदेश द्यायचा. कलम १०७ने गुन्ह्याच्या कमाईवर टाच आणून ती जिल्हाधिकाऱ्यामार्फत ६० दिवसांत पीडितांत वाटण्याची नवी वाट काढली. दावेदार नसले किंवा काही उरलं तर ते सरकारकडे. कोर्टात सहज नेता येणार नाही असा माल बंधपत्रावर देण्याची जुनी सोयही राहिली, आणि नाशवंत माल पोलिसांनी परस्पर लिलावात काढण्याची ५०० रुपयांची मर्यादाही. चित्रण मॅजिस्ट्रेटकडे जातं, यादी कोर्टाच्या फाइलला लागते.