कुलूप तेच, कारण वेगळं: गोपनीय कागद आणि जपलेला कागद

मागच्या जूनमध्ये शिरपूर तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडे आला. मुलीच्या जात पडताळणीसाठी त्याला आजोबांची कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली, जन्मनोंद हवी होती. अभिलेख कक्षाच्या दारातूनच त्याला परत पाठवलं होतं. "भाऊ, त्या म्हणतस कागद गोपनीय शे," एवढंच तो सांगू शकला. कागद कुलपात होता, हे खरं. गोपनीय मात्र तो कधीच नव्हता.

सरकारी कपाटाला कुलूप दोन कारणांनी लागतं. एक, आतला मजकूर कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. दुसरं, कागद खराब होऊ नये, त्यात खाडाखोड होऊ नये, कुणी पान फाडून नेऊ नये म्हणून. बाहेरून दोन्ही कपाटं सारखीच दिसतात, आणि टेबलामागचा माणूसही पुष्कळदा दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो. या घोळात खेटे घालतो तो गरीब माणूस, म्हणून मला हे स्पष्ट करून सांगावंसं वाटतं.

आधी गोपनीय कागद. परीक्षेच्या आदल्या रात्रीची प्रश्नपत्रिका, न उघडलेली निविदा, पोलिसांना खबर देणाऱ्याचं नाव हे या जातीचे कागद. मजकूर फुटला तर नुकसान होतं, म्हणून तो झाकायचा. पण हे झाकणं बहुतेक वेळा मुदतीचं असतं. पेपर सुटला की तीच प्रश्नपत्रिका गावभर फिरते. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 8 मध्ये नकाराची कारणं मोजून दिली आहेत, आणि कागदातल्या प्रसंगाला 20 वर्षं उलटली की त्यातली बहुतेक गळून पडतात. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढी तीन उरतात. फाइलवर 'गोपनीय' असा शिक्का आहे, एवढ्यानं नकार टिकत नाही. कायद्यातलं कारण लेखी दाखवावं लागतं. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याशी विसंगती आली, तर कलम 22 प्रमाणे माहिती अधिकार वरचढ ठरतो. शिवाय कलम 10 आहे: चार ओळी झाकण्यासारख्या असतील तर तेवढ्या झाकून बाकीचा कागद द्यायचा. हे कलम फार कमी लोकांना ठाऊक असतं. कर्मचाऱ्याच्या 'गोपनीय अहवाला'चंच बघा. नावातच गोपनीय आहे, तरी त्यातला प्रत्येक शेरा त्या कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये सांगितलं.

जपलेल्या कागदाचं गणितच निराळं. तो पुढेही लोकांना दाखवता यावा म्हणून तर जपायचा. कार्यालयात कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. 'अ' कायम ठेवायचा, 'ब' 30 वर्षं, 'ड' वर्षभरात नष्ट करायचा. कायमच्या कागदाला शत्रू भरपूर: वाळवी, ओल, आणि आपल्या खानदेशातला मे महिना, ज्यात जुनं पान हात लावताच कडकड मोडतं. माणसाची भीती त्याहून मोठी. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. रजिस्टरातल्या एका शब्दावर घरातल्या पोरांचं शिक्षण अवलंबून असेल, तर त्या शब्दाशेजारी शाई लावायचा मोह कुणालाही होऊ शकतो. म्हणून मूळ रजिस्टर कुणाच्या हातात न देणं बरोबरच आहे. हा नियम पाळणाऱ्या कारकुनाच्या बाजूनं मी उभा राहीन. पण मूळ कागद हातात न देणं वेगळं आणि नक्कल नाकारणं वेगळं.

"रेकॉर्ड सापडत नाही" हेही उत्तर अनेकांना मिळतं. कलम 8 च्या यादीत हे कारण नाही. उलट, महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र खरोखरच चुकीच्या ठिकाणी शोध चालू नाही ना, हे आधी पाहावं. खानदेश जिल्ह्याचे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. नंदुरबार तर 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. तिथल्या आजोबांचा कागद 'पश्चिम खानदेश' या नावाखाली निघतो, आणि त्यासाठी कधी धुळ्यालाही विचारावं लागतं.

शासनाच्या 2018 च्या निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं तीनच्या ठोक्याला गेलो. अर्जात 'नोंद पाहणे व प्रमाणित नक्कल मिळणे' असं लिहिलं, गाव आणि अंदाजे साल घातलं. कारकुनानं रुमाल, म्हणजे दप्तर बांधायचं कापड, सोडला, रजिस्टर स्वतःच्या हातात ठेवलं, पानं स्वतः उलटली, आम्हाला बोट लावू दिलं नाही. नोंद सापडली, पण मोडीत. नक्कल हातात आल्यावर तो शेतकरी आता मोडी वाचणाऱ्याच्या शोधात आहे.